तू घोरली होतीस, ताई

ताई, तू झोपली होतीस. आधी हे मान्य कर, मग बाकीचं बोलू.

तू होतीस तोवर हा वाद मला जिंकता आला नाही. शेवटपर्यंत तुझं एकच पालुपद, "मी झोपली नोती बबन्या, डोये मिटून आयकून राह्यली होती." आता तुला उलट बोलता येत नाही आणि ही संधी मी सोडणार नाही. मी जन्मभर मास्तरकी केली आहे. समोरच्याला बोलायची परवानगी नसते तेव्हाच माझे मुद्दे उत्तम जमतात. तेव्हा लिहून ठेवतो. मे महिन्यातल्या त्या दुपारी, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या तुझ्या घरात, कूलरसमोरच्या खाटेवर, उजव्या कुशीवर, तोंड किंचित उघडं ठेवून तू झोपली होतीस. तुझी सून सुषमा साक्षीला आहे. तुझा प्रफुल्ल तेवढ्यात ऑफिसातून जेवायला आला, त्यानं दारातून एकदा पाहिलं आणि चपला हातात घेऊन स्वतःच्याच घरात चोरासारखा शिरला. आणि तू घोरत होतीस. भरलेली बस घाटात चढताना करते तसा आवाज होता. तुझ्या घरातल्या माणसांनी त्याच्याइतकं गोड काही त्या सालात ऐकलं नव्हतं.

ज्यांना तू ठाऊक नव्हतीस त्यांना वाटेल, एक म्हातारी बाई दुपारी झोपली, यात ढोल वाजवण्यासारखं काय आहे. त्यांनी पातूरच्या सरकारी दवाखान्यात तुला पाहिलेलं नाही. सिस्टर म्हणून तू तिथे उभं आयुष्य काढलंस, त्यातलं निम्मं रात्रपाळ्यांत. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला तरी तुझे कान वॉर्डातून फिरत असायचे. कोणाची सलाइन संपली, कोणाचं बाळ कण्हतं आहे, कोणता नातेवाईक चोरून बिडी ओढतो आहे, सगळं तुला मिटल्या डोळ्यांनी कळायचं. पुढे तू रिटायर झालीस, पण कानांना ते कोणी कळवलंच नाही. रस्त्यावर कोणी "ओ बाई" म्हटलं की तू आतून "आली" म्हणायचीस. त्या माणसाला कोथिंबीर विकायची असायची.

तोवर हे सगळं गमतीचं होतं. मग तुझ्या हृदयानं पहिला झटका दिला आणि डॉक्टरांनी प्रफुल्लला बाहेर बोलावून सांगितलं की औषधं आपलं काम करतील, पण बाईंना झोप लागली पाहिजे. हे हृदय दमलेलं आहे, त्याला विसावा मिळाला नाही तर ते उन्हाळा काढेल याची खात्री नाही. झोपेच्या गोळ्या दिल्या. तू त्या गालात दडवून मोरीत थुंकून टाकायचीस. सुषमानं पकडलं तेव्हा म्हणालीस, "पेशंटायच्या साऱ्या युक्त्या मले पाठ हाय. गोळीनं डोकं जड होते व, कोनी हाक मारली त आयकू येत नाही." कोण मारणार होतं हाक, ताई? घरात सगळे तुझ्यासाठीच जागे होते.

अशा वेळी घराण्यातला शहाणा माणूस मदतीला धावतो. आपल्या घराण्यात तसा कोणी नसल्यामुळे मी धावलो.

माझ्या पुण्याच्या लेकीनं, रश्मीनं, मला फोनमध्ये एक सोय करून दिली होती. त्यात झोप आणणारे आवाज भरलेले होते. पाऊस, समुद्र, झरा, जंगल, पाहिजे तो लावा आणि डोळे मिटा. "बाबा, आत्याला लागू पडेल," ती म्हणाली. अमरावतीहून निघताना मी ठरवलं की औषध आधी स्वतःवर करून पाहावं. बसमध्ये कानात वायरी खोचल्या, पाऊस लावला आणि डोळे मिटले. उघडले ते बाळापूरला. अकोला केव्हाच मागे पडलं होतं. कंडक्टर म्हणाला, "काका, हालवून पाह्यलं तुमाले. मले वाटलं तब्येत बरोबर नसन." तिथून उलटी जीप धरून मी तुझ्या दारात आलो तो घामानं भिजलेला, पण विजयी मुद्रेनं. आवाज लागू पडतो हे सिद्ध झालं होतं.

जेवणं झाल्यावर फोन तुझ्या उशाशी ठेवला.

"हे काय भानगड हाय?" तू विचारलंस.

"पाऊस आहे."

"वैशाखात?"

"नुसता आवाज गं. तू डोळे मीट."

तू मिटलेस. पाऊस छान लागला होता, पत्र्यावर पडावा तसा, मधून लांबवर गडगडत होतं. मी सुषमाकडे पाहून भुवया उडवल्या. तुझा श्वास लांबला, हात सैल पडला. आणि दुसऱ्या क्षणी तू ताडकन उठून बसलीस. "सुषमे, वर कुरडया हाय."

आम्हाला अर्थ लागेपर्यंत तू जिन्याशी पोचली होतीस. जिना चढायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. तू पुढे, तुझ्या मागे सुषमा, तिच्या मागे मी आणि माझ्या हातात पडतच असलेला पाऊस. गच्चीवर असं ऊन होतं की पाय टेकवत नव्हता. लुगड्यावर मांडलेल्या कुरडया कडकडीत वाळून शुभ्र चमकत होत्या. तू आभाळाकडे पाहिलंस, कुरडयांकडे पाहिलंस, मग माझ्याकडे.

"बबन्या, तो पाऊस बंद कर."

आणि आलेच आहे वर तर म्हणून सगळ्या कुरडया उलटून ठेवल्यास.

दुसऱ्या दिवशी समुद्र लावला. समुद्राला कुरडया भीत नाहीत एवढा विचार मी केला होता. लाट यायची, मागे सरायची, पुन्हा यायची. तू बराच वेळ शांत पडून होतीस. मग कपाळाला आठी पडली. "ऑक्सिजन कोनाले लावला?"

"ताई, समुद्र आहे तो."

"आवाज अडकून अडकून येते. नळी मुडपली असन, पाह्य बरं."

"समुद्राला नळी नसते, ताई."

"मंग त्याले दम काऊन लागून राह्यला?"

तू त्या दुपारी समुद्राचे श्वास मोजत पडून राहिलीस, पेशंट आपल्या पाळीत जाऊ नये म्हणून.

शेजारच्या जुबेदाबी मध्येच डोकावून म्हणाल्या, कूलर फुल करा, "इसकी आवाज में तो मुर्दा भी सो जाए." अकोल्याच्या उन्हाळ्यात जन्म काढलेल्या माणसाचं बोलणं, खोटं कसं म्हणावं. कूलर फुल केला. त्याची घरघर सुरू होताच तू उठून तो पुन्हा बारीक केलास. घरघरीत हाक ऐकू येत नाही, हेच पुन्हा.

मग प्रफुल्लची आयडिया. म्हणाला, मामा, बाहेरचे आवाज आईला काम सांगतात, आपण वंदना लावू. पाली गाथा, एक शांत पुरुषी आवाज, मन आपोआप निवतं. पटलं मला. लावली. पहिली ओळ कानावर पडताच तू उठलीस, पदर सावरलास, मांडी घालून हात जोडलेस आणि आम्हा तिघांकडे असं पाहिलंस की आम्हीही बसलो.

"तू आडवी हो ना गं," मी म्हणालो.

"वंदना चालू असतांनी आडवं पडाचं? मायनं हेच शिकवलं का आपल्याले?"

त्या रखरखत्या दुपारी सगळं घर हात जोडून बसलं. शेवटच्या साधूकाराला सुषमानं मला कोपरानं ढोसलं तेव्हा कळलं की तिघांनी "साधू" म्हटलं होतं आणि मी बसल्या जागी झोपलो होतो. त्या आठवड्यात तुझ्या घरात प्रत्येक आवाजानं कोणी ना कोणी झोपलं. मी तर अमरावतीहून आलो तेव्हापेक्षा टवटवीत दिसायला लागलो. जागी होतीस तू एकटी.

पुढच्या सकाळी सुषमा ओट्याशी उभी राहून भाकरी थापत होती आणि तिचे डोळे वाहत होते. "मामाजी, पायाले सूज आली त्यायच्या. डॉक्टरनं काय सांगतलं ते मालूम हाय न तुमाले?" मला मालूम होतं. माझ्याजवळचे आवाज संपले होते. झरा उरला होता, पण झऱ्याला तू नळ चालू राहिला म्हणाली असतीस. मी म्हणालो, मी उद्या निघतो, माझ्यानं काही व्हायचं नाही.

ते तू ऐकलंस. ऐकणारच. दुपारी मी बॅग भरत होतो, तर खाटेवरून म्हणालीस, "बबन्या, तो फोन ठेव तिकडं. तूच काही बोल. तोंड त चालते न तुह्यं?"

ताई, माझं तोंड कधी बंद होतं? तुला तर माहीत होतं. दर्यापूरकडच्या आपल्या त्या खेड्यात माय-बाप रोजानं जायचे आणि मला दुपारी निजवायचं काम तुझ्याकडे असायचं. बाकीच्या पोरांना मोठ्या बहिणी गोष्टी सांगत. आपल्याकडे मी सांगायचो आणि तू डाळीतले खडे निवडत "हं" म्हणायचीस. हं, मंग? हं. त्या "हं" च्या तालावर मी माझ्याच गोष्टीच्या मध्यात झोपून जायचो. म्हणून आजही माझ्या गोष्टींना नीट शेवट सापडत नाही, माझा त्यात काही दोष नाही.

मी खाटेशेजारी स्टूल ओढलं आणि सांगायला लागलो. वानखडे सर म्हणून माझे शाळेतले सोबती, त्यांची आई वारली होती. भेटायला जायचं म्हणून भर उन्हात मी खचाखच भरलेल्या जीपमध्ये बसलो.

"हं," तू म्हणालीस.

जीपवाल्यानं गावाचं नाव पुकारलं, मी उतरलो. ते एक गाव आधीचं निघालं हे मला फार उशिरा कळलं. समोर एका घरापुढे मांडव. मी म्हटलं, उन्हासाठी कापड बांधलं असेल. खाली बाया डोळे पुसत बसलेल्या. मधोमध एक वयस्कर गृहस्थ, टॉवेल तोंडाला लावून हुंदके देणारे. वानखडे सरांचे वडील हेच, अशी माझी खात्री पटली. मी जाऊन त्यांचा हात हातात घेतला आणि खालच्या आवाजात विचारलं, "केव्हा नेलं?"

"आत्ताच, अर्धा घंटा झाला गुरुजी."

"जाताना काही बोलली?"

"काय बोलन? रडत रडत गेली."

"हं," तू म्हणालीस. हा "हं" थोडा लांब होता.

"तुमच्या हातात होतं तेवढं तुम्ही केलं," मी त्यांना म्हणालो. "आता ती मोकळी झाली आणि तुम्हीही मोकळे झाले."

"मोकयाच झालो गुरुजी. पन घर खायाले उठते."

"चांगल्या ठिकाणी गेली, एवढं मनात ठेवा."

"हो, मानसं चांगली हायत तिथली."

मला जरा चमत्कारिक वाटलं, पण दुःखात माणूस काहीही बोलतो. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

इथे मी थांबलो, ताई. ही माझी हुकमी जागा आहे. लग्नाच्या पंगतीत, स्टाफरूममध्ये, नगरपालिकेच्या बागेत, जिथे जिथे ही गोष्ट सांगितली तिथे या जागेवर मी श्वास घेतो आणि लोक पुढे सरकतात. मी वाट पाहिली. "हं" आला नाही. आणि मग तो आवाज आला, घाटात चढणाऱ्या बसचा.

आधी माझा अपमान झाला हे कबूल करतो. तीस-पस्तीस वर्षं पोरं माझ्या इतिहासाच्या तासाला झोपली ती झोपली, पण ही गोष्ट चालू असताना आजवर कोणी झोपलं नव्हतं. दारात उभ्या सुषमानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं. मला वाटलं ती हसते आहे. ती रडत होती आणि हसतही होती. मी उठायला गेलो तर तिनं डोळ्यांनीच दटावलं आणि कुजबुजली, "थांबू नका मामाजी. बोलत राहा." मग उरलेली गोष्ट मी तिला, कूलरच्या आवाजाखाली, पुटपुटत सांगितली. कशी त्या गृहस्थांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "सोबत धाकटीले बी धाडलं." कसा मी हंबरडा फोडला, "धाकटीपण? एकाच दिवशी?" कसा सगळा मांडव माझ्याकडे वळला आणि ते बिचारे माझीच समजूत घालायला लागले, "तुमी काऊन रडता गुरुजी, पाठराखीन म्हनून गेली, चार दिवसात येईन न वापस." आणि मुलीकडच्यांनी मला बळेच पंगतीला बसवून जिलेबी कशी वाढली.

सुषमा पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली. तू हललीसुद्धा नाहीस.

ऊन उतरल्यावर तू उठलीस. डोळे चोळलेस, चहा मागितलास आणि विचारलंस, "मंग? पुढं काय झालं?"

"तू झोपली होतीस."

"मी काऊन झोपू? सारं आयकलं."

"मग सांग, धाकटीचं काय झालं?"

तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस. पकडली गेलेली बाई असं पाहते. मग म्हणालीस, "काय होनार? असन आपल्या घरी."

त्या उत्तरावर मी आजही हरतो. पण एवढं ऐकून ठेव, तो शेवट तुला कधीच कळला नाही. नंतर तू तीच गोष्ट कितीदा सांगायला लावलीस आणि दर वेळी "मानसं चांगली हायत तिथली" च्या आगेमागे झोपी गेलीस. आज तुला तो लिहूनच दिला आहे. घे.

एकदा मात्र मी तुला गंभीरपणे विचारलं होतं. पाऊस नाही चालला, समुद्र नाही, वंदना नाही, कूलर नाही, मग माझ्याच बडबडीत असं काय आहे? तू पायाची सूज दाबून पाहत होतीस, ती ओसरायला लागली होती. मान वर न करता म्हणालीस, "तुह्या गोष्टीत मले काही कराचं नसते. तू पडला, तू फसला, तुह्यी फजिती झाली, पन तू घरी आला न? म्हनून त सांगून राह्यला. मंग मी काऊन जागू?"

ताई, मी त्या वेळी चेष्टा करून विषय बदलला. लायकी नसलेल्या माणसाला एकदम मोठी पदवी मिळाली की तो असंच करतो. आयुष्यभर मी धांदरटपणा केला, चुकीच्या गावात उतरलो, चुकीच्या माणसांच्या गळ्यात पडलो, इलेक्शन ड्यूटीवर म्हातारीला समजावून सांगताना शाई स्वतःच्याच बोटाला लावून घेतली. हे सगळं कशासाठी होतं, याचा उलगडा मला सत्तरीच्या तोंडावर झाला. तो साठा मी तुझ्या झोपेसाठी करत होतो. वाया काहीच गेलं नाही.

मला अमरावतीला परतणं भाग होतं, तेव्हा प्रफुल्लनं माझ्या गोष्टी फोनमध्ये भरून घेतल्या. मी खास आवाज लावून, पाणी पिऊन, शुद्ध भाषेत सांगितल्या. तू एक ऐकलीस आणि फोन पालथा ठेवलास. "हा थांबतच नाही. हं म्हनाले जागाच नाही ठेवत. आन असा काऊन बोलते, कलेक्टरसमोर असल्यासारखा?" मग तुझ्या जेवणानंतर मी रोज अमरावतीहून फोन लावू लागलो. सुषमा तो उशाशी ठेवायची. मी बोलायचो, तू "हं" म्हणायचीस, "हं" पातळ होत जायचा आणि मग घाट सुरू व्हायचा. माझी बायको म्हणायची, या घरात माझ्या बोलण्याला कधी "हं" मिळाला नाही. मी म्हणायचो, हं.

तुझं वजन वाढलं. चेहऱ्यावर पाणी आलं. डॉक्टरांनी तपासून विचारलं, गोळी बदलली का? सुषमा म्हणाली, "नाही जी, मामाजी बदलले." डॉक्टरांना काही समजलं नाही, पण त्यांनी "चालू ठेवा" असं सांगितलं. माझ्या बडबडीला सरकारी नाही तरी निमसरकारी मान्यता मिळाल्याचा हा एकमेव प्रसंग. ज्या उन्हाळ्याची भीती घातली होती, त्या उन्हाळ्यातल्या दुपारी तू घोरत काढल्यास. आपण जिंकलो, ताई. मला कोणी विचारलं की काय जिंकलात, माणूस तर गेलं, तर मी त्याला त्या दुपारी मोजून दाखवणार नाही, पण त्यातली एक जरी त्यानं पाहिली असती तर विचारलं नसतं.

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घर भरलं होतं. पातूरकडून माणसं आली होती, तुझ्या हातावर जन्मलेली पोरं आता टक्कल पडलेली. तुझ्या सेवेवर भाषणं झाली, चांगली झाली. मग एक अनोळखी गृहस्थ माझ्याजवळ बसले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुमच्या हातात होतं तेवढं तुम्ही केलं. आता त्या मोकळ्या झाल्या." मी सुषमाकडे पाहिलं. पाहायला नको होतं. तिनं पदर तोंडाला लावला, मी टॉवेल लावला आणि आम्हा दोघांचे खांदे हलायला लागले. त्या भल्या माणसाला गहिवरून आलं. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला आणि मी हसता हसता केव्हा खरा रडायला लागलो ते मला कळलं नाही. तू असतीस तर विचारलं असतंस, बरोबर गावात उतरला होता न तो?

आता एकच दुपार सांगायची राहिली, पुढच्या उन्हाळ्यातली. त्या वेळी मी तुझ्याकडेच होतो, फोनवर गोष्टी आटत चालल्या होत्या म्हणून नवा माल घेऊन आलो होतो. जेवण झालं, तू आडवी झालीस, मी स्टूल ओढलं. तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "थांब. छातीवर कोनी बसल्यासारखं होऊन राह्यलं. गाडी बोलाव." पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटबद्दल सांगावं तितक्या शांतपणे.

गाडी लगेच आली. तुला आत घेतलं, तोंडावर मास्क लावला, मी आणि सुषमा बाजूच्या बाकावर दाटीवाटीनं बसलो. ड्रायव्हरनं गाडी वळवली आणि सायरन लावला. तू हातानं मास्क बाजूला केलास.

"भाऊ, तो भोंगा बंद कर."

"आई, अर्जंट केस हाय."

"केस मी हाय न? मी सांगून राह्यली. रस्त्यावर कोन हाय तुले आडवं यायले? नळापायी बाया पहाटच्या उठल्या, आत्ता कुठं पाठ टेकली असन त्यायनं. बंद कर."

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी सुषमाकडे पाहिलं. "करा बंद," ती म्हणाली, "त्या नाही ऐकनार."

त्यानं बंद केला. तू स्वतःच्या हातानं मास्क नीट बसवलास आणि त्याला बोटानं खूण केलीस, चल. तुझं बरोबर होतं. रस्ता ओस पडला होता, ब्रेक लावायची पाळी आली नाही, भोंगा वाजवूनही याहून लवकर कोणी पोचलं नसतं. डॉक्टरांना त्यांचा वेळ मिळाला आणि त्यांनी तो खर्चही केला, पण त्या दमलेल्या हृदयानं या वेळी त्यांचं ऐकलं नाही.

मी मागच्या काचेतून पाहत होतो. दुकानांची अर्धी शटरं ओढलेली, खिडक्यांना ओली पोती, ओट्यांवर कोणी नाही. आपण गल्लीतून निघालो, बाजारातून निघालो, मोर्णा नदीच्या पुलावर चढलो. एकही दार उघडलं नाही, एकाही बाईनं पडदा सारून कोण गेलं म्हणून विचारलं नाही. सगळं जुनं शहर गाढ झोपलं होतं, आणि कोणाचीही झोप न मोडता तू त्यातून पलीकडे गेलीस.